टाकी भरलेली, कोंबड्या तहानलेल्या: खारपाणपट्ट्यातल्या एका खुराड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं, अकोला जिल्ह्यातलं. खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल, कापूस-तूर-हरभऱ्याची. हापशी मारा की बोअर, पाणी खारटच. प्यायला नळयोजनेचं पाणी, तेही पाच दिवसांतून एकदा. त्या दिवशी घरातली झाडून सगळी भांडी भरली जातात: ड्रम, गुंड, गंज, बादल्या. त्याला गावात 'गोडं पाणी' म्हणतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या दोन पाण्यांमधल्या फरकावर येऊन ठेपतं.

हे खुराडं ज्यांचं, त्या ताई बचत गटात आहेत. घरी नवरा (सगळे दादा म्हणतात), सासूबाई आणि आयटीआयला फिटर शिकणारा मुलगा. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, आधीपासून चार गावरान कोंबड्या होत्या. दिवसभर फिरायच्या, रात्री डाल्याखाली जायच्या. जुलै २०२३ मध्ये ताईंनी गिरिराज या सुधारित जातीची चार आठवड्यांची ३० पिल्लं घेतली. तीन पावसात गेली. राणीखेत रोगाची पहिली लस, लासोटा, आधीच झालेली होती, आठव्या आठवड्यात त्याच रोगाची आर टू बी लस टोचून घेतली. मी त्या भागात गटांबरोबर कोंबडीपालनाचं काम करतो, म्हणून सुरुवातीपासून येणं-जाणं होतं. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत. त्यातल्या काही माझ्या आहेत.

खुराडं दहा बाय सहा फुटांचं बांधलं. लोखंडी अँगल, वर टिनपत्रे, चारही बाजूंनी मुर्गाजाळी, खाली आरामशीनवरचा भुसा तीन-चार इंच. खर्च १४ हजारांच्या आसपास. जागा तेवढीच होती म्हणून लांब बाजू पश्चिमेला आली. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी म्हणजे दुपारनंतरचं ऊन फक्त अरुंद बाजूवर पडतं, हे मला माहीत होतं. मी ते बोललोही, पण जोर दिला नाही. पावसाळ्याचे दिवस होते, आभाळ भरलेलं होतं. मे महिना कुणाला आठवतो तेव्हा!

रात्रीचा चोर

डिसेंबरात एका रात्री तीन कोंबड्या गेल्या. सासूबाई म्हणाल्या मुंगूस. पण मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे. रात्री येऊन जाळी फाडून जाणारं दुसरंच कुणीतरी असणार. मुलानं जाळीभोवती चुलीची राख चाळून पसरली. सकाळी राखेत मांजराच्या पंजासारखे गोल ठसे, नखांचे ओरखडे नाहीत. गावातला बोका की रानमांजर, ते कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

मुर्गाजाळी कोंबडीला आत ठेवायला पुरते, बाहेरच्याला बाहेर ठेवायला नाही. तिची तार बारीक, आणि खाऱ्या मातीला टेकलेला भाग सहा महिन्यांत गंजून कुरकुरीत झाला होता. म्हणून खालचे अडीच फूट अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली. तीच जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीवर आडवी वळवून वर दगड ठेवले, म्हणजे उकरणाऱ्याच्या पंजाला आधी जाळी लागते.

काळ्या मातीनं यातही खोडी काढलीच. फेब्रुवारीपासून जमीन भेगाळायला लागली आणि आडव्या जाळीखाली हात जाईल एवढ्या फटी पडल्या. उंदीर येऊ लागले, उंदरांमागे एकदा धामण आली. शेवटी बाहेरून मुरूम आणून खुराड्याभोवती दीड फूट रुंद पट्टा ठोकून घेतला. गावात मुरूम मिळत नाही, ट्रॉलीचं भाडंच जास्त झालं. पण हे काम टिकलं.

या सगळ्यात हिवाळा गेला. रात्री कालवा झाला की अख्खं घर उठायचं, त्यामुळे पैसा, वेळ, चर्चा सगळं जाळीवर. पाण्याकडे कुणी बघितलं नाही. घमेल्यात दोनदा पाणी ओतलं की झालं.

नळी, निपल आणि काळी टाकी

घमेल्याचा त्रास खरा होता. कोंबड्या काठावर बसायच्या, पाण्यात विष्ठा, भुसा, पिसं. ताईंना दिवसातून दोनदा घासावं लागायचं. मार्च २०२४ मध्ये मुलानं मोबाईलवर बघून स्वतः निपल लाईन बसवली, म्हणजे टोच मारली की पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्यांचा पाईप. २०० लिटरची काळी टाकी खुराड्याच्या छपरावर, तिच्यातून पाऊण इंची काळा पाईप टिनाच्या अगदी खालून आत, मग खाली उतरून भिंतीच्या लांबीभर आडवा, त्याला आठ निपल. टाकीत बोअरचं पाणी. खर्च २४०० रुपये.

काम नीट केलं होतं. एक निपल आठ-दहा मोठ्या पक्ष्यांना चालतं, इथे २२ पक्ष्यांना आठ. उंचीही बरोबर, कोंबडीनं मान वर ताणून टोच मारावी एवढी. टाकी आठवड्याला भरली की काम संपलं. लाईन सुरू झाली त्याच दिवशी घमेलं उचलून ठेवलं. मी पाहिलं, पाठ थोपटली, फोटो काढून दुसऱ्या गटांना दाखवला. हीही माझी चूक.

तेव्हा १९ माद्या रोज ११ अंडी देत होत्या. ताई वहीत लिहायच्या. एप्रिलअखेर ७, मेच्या मध्यावर ४. उन्हाळ्यात अंडी कमी होतातच, असं सगळेच म्हणाले. मीही.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा

२०२४ चा मे अकोल्यातल्या कुणाला विसरता येणार नाही. पारा ४५ च्या वर गेला आणि उन्हामुळे जिल्ह्यात १४४ कलम लावलं गेलं. त्याच आठवड्याच्या तोंडावर, २२ तारखेला दुपारी, दोन गिरिराज माद्या मेल्या.

सासूबाईंचं निदान तयार होतं: "मानमोडी होय हे. इकून टाका साऱ्या." मानमोडी म्हणजे राणीखेत. गावात ती साथ एकदा शिरली की खुराडी रिकामी होतात, त्यामुळे बाईंची भीती उगीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गेलो, पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टरही आले. माना वाकड्या नाहीत, हिरवी हगवण नाही, लसीकरण झालेलं. मेलेल्या दोन्ही माद्या कळपातल्या सगळ्यात जड आणि सगळ्यात जास्त अंडी देणाऱ्या. दोन्ही दुपारी दोन ते पाचच्या मध्ये गेलेल्या. उरलेल्या पंख फाकवून, चोच उघडी टाकून धापा टाकत होत्या. त्यांची विष्ठा पाण्यासारखी पातळ. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचं तापमान साधारण ४१ अंश. हवा त्याच्याही वर गेली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला धाप लागणं एवढाच मार्ग उरतो. श्वासावाटे पाण्याची वाफ जाते, तेवढाच गारवा. म्हणजे प्यायला पाणी नसेल तर तोही मार्ग बंद. अंड्याचंही तेच: त्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. पाणी कमी पडलं की कोंबडी आधी अंडं सोडते, मग जीव. ताईंच्या वहीत ते दीड महिना लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नाही.

"भाऊ, टाकी तं भरून हाये. तरी ह्या तोंड वासून काऊन बसल्या?" ताईंनी विचारलं. मी निपलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. थर्मामीटर पिशवीत होता. पाईपातलं पाणी ४३ अंश. पक्ष्याच्या अंगापेक्षा गरम.

आठपैकी तीन निपल क्षारानं आतून जाम, दोन सतत ठिबकत, खालचा भुसा ओला. चालू म्हणावी अशी तीन. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजला, लिटरला २६०० मिलिग्रॅम भरला. एवढ्या खाऱ्या पाण्यावर कोंबडी मरत नाही. तीन हजारांपर्यंत चालवून घेते, विष्ठा पातळ होते एवढंच. हिवाळाभर त्याच पाण्यावर त्या ठणठणीत होत्या. त्यामुळे एकट्या खारटपणावर खापर फोडणं बरोबर नव्हतं. गरम, खारं आणि अपुरं, तिन्ही एकत्र आलं तेव्हा कोंबड्यांनी दुपारी पिणंच सोडलं.

हे मला २३ तारखेला जवळपास दिसत होतं. तरी खात्री करावी म्हणून मी मुलाला सांगितलं, टाकी बंद करून लाईनला २० लिटरचा कॅन जोड, त्यावर खुणा कर आणि दर दोन तासांनी किती पाणी उतरतं ते लिही. २४ तारखेचा अख्खा दिवस मोजण्यात गेला. आकडा बोलका आला: दिवसभरात जेमतेम ५ लिटर, त्यात ठिबकलेलंही आलं, सकाळी ११ ते संध्याकाळी ५ मध्ये जवळजवळ शून्य. त्याच दिवशी आणखी तीन मेल्या.

पर्याय

त्या संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून जे बोलणं झालं ते साधारण असं.

लाईन दुरुस्त करायची, निपल बदलायचे आणि बोअरचंच पाणी ठेवायचं, हा मुलाचा विचार. निपल स्वस्त, १५-२० रुपयांना एक. पण क्षार पुन्हा साचणारच, आणि टाकी छपरावर असेपर्यंत पाणी तापणारच.

सगळं काढून परत घमेलं ठेवायचं, हे ताईंचं म्हणणं. तातडीला बरं. पण घाण तीच, आणि उघड्या घमेल्यातलं पाणी उन्हात तासाभरात कोमट होतं.

शेजारच्यांनी सुचवलं, पाण्यात मीठ-साखरेचं पुडकं टाका. दुसरीकडे उन्हाळ्यात क्षारांचं पाणी देतात, मीही देतो. पण जिथे पाणीच खारट आहे तिथे आणखी मीठ कशाला? ते तिथेच थांबवलं.

उरलं गोडं पाणी. इथे दादा अडले. "माणसाले पाच दिवसांनी नळ येते, अन् कोंबड्याईले गोडं पाणी?" त्यांचं चूक नव्हतं. गावात किडनीच्या आजारामुळे खाऱ्या पाण्याची धास्ती आहे. गोडं पाणी दुसऱ्या कशाला वापरणं म्हणजे माणसाच्या तोंडचं काढून घेणं, असंच वाटतं. मी हिशेब मांडला. कडक उन्हाळ्यात मोठी कोंबडी दिवसाला साधारण ४००-५०० मिली पिते. उरलेल्या १७ पक्ष्यांना आठ लिटर धरा. ताई उठून आत गेल्या, गुंड आणून समोर ठेवला आणि म्हणाल्या, "हा पंधरा लिटरचा हाये. अर्धा गुंड. एवढं तं भांडे घासतानी सांडते."

दादा काही बोलले नाहीत. होकार धरला. इतके दिवस सगळ्यांच्या डोक्यात 'कोंबड्यांना पाणी' म्हणजे टाकीभर पाणी होतं. २०० लिटरची टाकी समोर दिसत होती, म्हणून गरजही तेवढीच वाटत होती.

काय केलं

२५ तारखेला मुलगा सकाळीच तोटीचा मोठा माठ घेऊन आला. खुराड्याच्या पूर्वेला कडुनिंबाची सावली आहे. तिथे विटांचा ओटा रचून माठ बसवला, तोटीला अर्धा इंची पाईपचा तुकडा जोडून आत फक्त पाच फुटांची लाईन नेली. तिला चार निपल. माठाचा तळ निपलपेक्षा दीड फूट वर, तेवढा दाब पुरतो. पाईपवर पांढरं कापड गुंडाळलं. लाईनच्या टोकाला बूच, ते दर तिसऱ्या दिवशी सकाळी उघडून साचलेलं पाणी सोडून द्यायचं. ते झाडाला जातं.

माठ कशाला, साधा कॅन का नाही? माठ पाझरतो, पाझर वाळताना आतलं पाणी गार होतं. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे फार छान चालतं. दुपारी तीनला माठातलं पाणी २८ अंशांवर होतं. यात खारं पाणी भरलं असतं तर क्षारानं छिद्रं बुजून महिन्याभरात माठ पाझरायचा थांबला असता. गोड्या पाण्याचा हा दुसरा फायदा.

ज्या कोंबड्या उभ्याही राहात नव्हत्या त्यांच्यासाठी मातीच्या दोन परळांत पाणी ठेवलं, दिवसातून चारदा बदलायचं. जुने निपल मुलानं व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवले. आठांतले पाच सुटले, त्यातलेच चार नव्या लाईनला लागले. मला त्याची लाईन मोडीत काढायची नव्हती. एकोणीस वर्षांच्या पोरानं स्वतःच्या हातानं केलेलं काम सहा कोंबड्यांच्या मरणाशी जोडून ठेवलं असतं, तर पुढे त्यानं पाना हातात घेतला नसता.

खारं पाणी वाया गेलं नाही. पश्चिमेच्या जाळीपासून फूटभर लांब तुराट्यांचा ताटवा उभा केला, त्यावर बारदाना टांगला आणि तो बोअरच्या पाण्यानं दुपारी तीन वेळा भिजवायचा. टिनावर चुन्याचे दोन हात, वर तुराट्यांचा थर तारेनं बांधून. घरी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग होता, पण ती वापरली नाही. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी साठवू नका असं कृषी खातं सांगतंच, ती वर्षभर छपरावर नेऊन ठेवणं म्हणजे अळीला घर बांधून देणं. दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर, दुपारी अजिबात नाही. खाल्लेलं पचतानाही अंगात उष्णता वाढते. हा सगळा खर्च ९०० रुपयांच्या आत.

२६ ला एक कोंबडा गेला, तो आधीच खंगला होता. त्यानंतर एकही नाही. उरलेले १६ पक्षी दिवसाला साडेसात लिटर प्यायले, त्यातलं निम्मं ११ ते ५ च्या दरम्यान.

जूनमध्ये फसलो

बारदाना आणि ताटवा इतका लागू पडला की कुणी तो थांबवायचा विचारच केला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस झाला. हवेत दमटपणा आला, आणि दमट हवेत ओल्या बारदानाचा गारवा मिळत नाही, कारण पाणी वाळतच नाही. ताई मात्र सांगितल्याप्रमाणे रोज तीनदा भिजवत राहिल्या. आत भुसा चिकट झाला, सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबणारा वास. गावरान कोंबडीनं १२ अंड्यांतून ७ पिल्लं काढली होती. त्यांना रक्ती हगवण लागली. डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम दिलं, चार वाचली. भुसा सगळा काढून कोरडा घातला, बारदाना उतरवला.

भिजवायला कधी सुरुवात करायची ते मी सांगितलं होतं. कधी थांबायचं ते सांगितलं नव्हतं.

निकाल

जूनअखेर १४ माद्यांपासून रोज ८ अंडी येऊ लागली. पातळ विष्ठा आठवड्यात थांबली होती. पावसाळ्यात कळप पुन्हा २० पर्यंत नेला.

२०२५ च्या उन्हाळ्यात एक कोंबडी गेली, अंडी १२ वरून ९ वर आली आणि तिथेच राहिली. पण हे सगळं माठाच्या खात्यावर जमा करता येणार नाही. एप्रिल तापला तरी त्या वर्षीचा मे अवकाळी पावसात गेला, २०२४ सारखा आठवडा आलाच नाही. खरी परीक्षा अजून व्हायची आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, २३ तारखेला थर्मामीटरवर ४३ दिसल्याबरोबर घरातलं गार गोडं पाणी परळांत ओतून ठेवलं असतं. मोजमाप दुसऱ्या दिवशीही झालं असतं. आकड्याशिवाय दादा तयार होणार नाहीत असं मला वाटत होतं, आणि ते खरंही होतं. पण दोन परळ पाण्यासाठी कुणी भांडलं नसतं. २४ तारखेच्या तीन कोंबड्या मी माझ्या खात्यावर धरतो. मोजायचंच होतं तर मार्चमध्ये, लाईन नवी असताना मोजायला हवं होतं.

निपलची सवय थंडीत लावावी, आणि जुनं भांडं लगेच उचलू नये. कळपातल्या दोन गावरान कोंबड्या निपलला टोच मारायला शिकल्याच नव्हत्या, हे आम्हाला मेमध्ये कळलं. तोवर त्या ठिबकणाऱ्या दोन निपलखालचा ओलावा चोखून जगत होत्या.

खुराड्याची दिशा आता बदलता येत नाही. पश्चिमेला शेवगा लावलाय, तो खाऱ्या जमिनीत कितपत जोर धरतो ते बघायचं. तोवर दर उन्हाळ्यात ताटवा.

काळी टाकी छपरावरून खाली आली आहे. मुलाचं डोकं आता टिनाच्या पन्हळीवर चालू आहे: पावसाचं पाणी टाकीत धरलं तर नळाचे दिवस वाढले तरी कोंबड्यांचं भागेल. छपरावर कावळे-पारवे बसतात, चुनाही आहे, तेव्हा पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून दे, एवढंच मी त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "भाऊ, टिन साठ चौरस फूट हाये. एका पावसात किती पाणी जमते?" मी म्हटलं, एक इंच पाऊस झाला तर १४० लिटर धर, थोडं सांडेल. तो वही आणायला आत गेला.